शिशाचं गोत्र

सायलीच्या रक्तात शिसं निघालं, ही गोष्ट महिपती लोहारला कळली तेव्हा तो पुलाखालच्या गोदामात पिंपांना सील लावत होता. सुरक्षा अधिकारी फरझाना मुल्ला स्वतः चालत गोदामापर्यंत आल्या. एरवी त्या फोन करायच्या. म्हणून त्या दारात दिसताच महिपतीने हातमोजे काढले.

"काका, सायलीचा रिपोर्ट आलाय. नऊ."

महिपतीला नऊचा अर्थ माहीत होता. गोदामाच्या भिंतीवर तक्ताच होता. एक डेसिलिटर रक्तात शिसं पाच मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की आरोग्य केंद्राने कळवायचं, गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी कळवायचं. सायली त्याची एकुलती पोर, तिला पाचवा महिना होता. बाहेरच्या कुठल्यातरी नळाचं, मसाल्याचं, दिव्याच्या रंगाचं असेल, असं तो मनात म्हणत होता, तोवर मॅडमनी पुढचं सांगितलं.

"आणि गोत्र आपल्या पुलाचं आहे."

हिवरेघाटचा लोखंडी पूल शंभरीच्या पुढचा. त्याच्या अंगावरचा जुना शिशाचा रंग काढून टाकायचं काम गेले सात महिने चाललं होतं. पुलाच्या एका गाळ्याभोवती जाड पांढरा तंबू उभारायचा, आतली हवा मोठ्या पंख्यांनी सतत ओढून गाळण्यांतून सोडायची, म्हणजे तंबूला भोक पडलं तरी बाहेरची हवा आत जाईल, आतली बाहेर यायची नाही. महिपती रोज सकाळी आधी तंबूकडे बघायचा. कापड आतल्या बाजूला ओढलेलं दिसलं की समाधानाने गोदाम उघडायचा. आत पोलादी दाण्यांचा मारा चाले. सपाट पट्ट्यांवर चुंबकाच्या पायांचं यंत्र चालायचं. रिव्हेटांच्या डोक्यांशी आणि सांध्यांत मात्र माणूसच लागायचा. तो माणूस म्हणजे संग्राम, महिपतीचा जावई. डोक्यावर हवेच्या नळीचं शिरस्त्राण, अंगात पायघोळ सूट. काम संपलं की पहिल्या खोलीत कपडे उतरायचे, दुसऱ्या खोलीत आंघोळ, तिसऱ्या खोलीत घरचे कपडे. दाणे चाळून, चुंबकाने वेचून पुन्हा वापरात यायचे. उरलेल्या लाल भुकटीत फॉस्फेटची पूड मिसळायची, म्हणजे शिशाचा पाण्यात न विरघळणारा खडकासारखा क्षार बनतो. मग ती पिंपात. पिंपाचं वजन, सील, चिठ्ठी आणि रवानगी हे महिपतीचं काम. सात महिन्यांत एकाही सीलवर बोट ठेवायला जागा नव्हती.

म्हणूनच त्याला काही समजेना.

"मशीन चुकलं असेल," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. दोनदा लावलं."

ते मशीन जेवणाच्या डब्याएवढं होतं. कामगारांनीच त्याला गोत्रयंत्र नाव पाडलं होतं आणि ते नाव आता सरकारी कागदावरसुद्धा येऊ लागलं होतं. शिसं म्हणजे एकजात सारखं नसतं. त्याच्या अणूंचे चार प्रकार, एकमेकांपेक्षा किंचित जड. त्यांतले तीन प्रकार खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून कोट्यवधी वर्षं तयार होत राहतात. कुठल्या खाणीतलं शिसं किती जुनं, यावर त्या चौघांचं आपसातलं प्रमाण ठरतं, आणि एकदा ठरलं की ते मोडत नाही. शिसं वितळवा, जाळा, तेलात कालवून रंग करा, तो रंग खरवडून धूळ करा, ती धूळ कुणाच्या पोटात जाऊ द्या, प्रमाण तेच. पूर्वी ते काढायला खोलीभर यंत्रं लागायची. आता रक्ताच्या एका थेंबावर दहा मिनिटांत निघे. ठेकेदारांनी शिशाचा कचरा नदीत ढकलू नये, म्हणून हा नियम आला होता: काम सुरू होण्याआधी प्रत्येक पुलाचं गोत्र नोंदवायचं, मग ते शिसं गाळात सापडो की गाईच्या दुधात, कुणाचं ते लपायचं नाही. माणसाच्या रक्तातही ते तितकंच लपत नाही, हे ओघाने आलं.

त्या संध्याकाळी महिपती सायकल घेऊन सरळ जावयाच्या घरी गेला. संग्राम अंगणात शेळीला पाला घालत होता.

"पाव्हणं, एक विचारतो. आंघोळ करून येता ना रोज?"

संग्राम उभा राहिला. "करूनच येतोय की ओ मामा. दार उघडतच नाही त्याशिवाय."

"मागल्या महिन्यात टाकी रिकामी होती तवा?"

"तवा टँकर येईपर्यंत दोन तास बसलो तिथंच. विचारा कुणालाबी."

महिपतीने कुणाला विचारलं नाही. त्याच्या डोक्यात एकच आकृती बसली होती: तंबूतून फक्त एक माणूस रोज सायलीच्या घरी जातो. दुसरी वाटच नाही. संग्राम खोटं बोलतोय असं त्याला वाटत नव्हतं आणि खरं बोलतोय असंही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मुल्ला मॅडमकडे लेखी दिलं, की माझा जावई संग्राम याच्या अंगावरून धूळ घरी जात असावी, चौकशी व्हावी. पोरीच्या पोटातल्या जिवापुढे जावयाचा राग किती मोठा, असं त्याने स्वतःला समजावलं. नियमाप्रमाणे संग्रामला कामावरून बाजूला केलं, तंबूचे पंखे तेवढे चालू राहिले आणि मारा थांबला.

सायलीला त्याने माहेरी आणलं. ती गावातल्याच शाळेत गणित शिकवायची आणि हिशेबाला पक्की होती. घरी आल्यावर आईच्या देखत म्हणाली, "आबा, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. तो किती वेळ नखं घासतो, ते मी बघते रोज."

"तुझ्यासाठीच केलं की गं."

"तेच तर. माझ्यासाठी केलं आणि मला सोडून सगळ्यांना सांगितलं."

त्याची बायको शालन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि मग भाकरी थापायला उठली.

आठवड्याने पुन्हा रक्त तपासलं. अकरा.

आता तर आकडा उतरायला हवा होता. पोर संग्रामच्या घरात नाही, संग्राम तंबूत नाही, मारा बंद. महिपती रात्रंदिवस तेच उलटंपालटं करत राहिला. मग त्याच्या मनात आलं, की पिंपं आपण हाताळतो, म्हणजे धूळ आपणच आणत असू. त्याने आपली गादी गोठ्याच्या पडवीत हलवली. जेवणाचं ताट दाराबाहेर मागू लागला. कपडे नदीवर नाही, कामावरच्या मशीनमध्ये धुवून घेऊ लागला. शालन म्हणाली, "अहो, हे काय सुतक धरल्यागत चालवलंय?" त्याने तिला सांगितलं, "मला पण कळत नाही गं. कळलं की सांगतो."

मुल्ला मॅडमनी माणसं पाठवून दोन्ही घरांतल्या जमिनी, खिडक्या, गाद्या ओल्या कापडाने पुसून नमुने नेले. सगळी कापडं कोरी निघाली. संग्रामच्या रक्तात तीन निघालं, महिपतीच्या रक्तात सात. महिपतीला या सातचाही अर्थ लागेना. जो दिवसभर तंबूत धुळीत उभा असतो त्याच्या अंगात तीन, आणि जो बाहेर बंद पिंपं मोजतो त्याच्या अंगात सात. सायली तर कधी पुलाजवळ फिरकलीसुद्धा नव्हती, आणि तिच्या अंगात तिसऱ्या आठवड्यात तेरा.

तेरा कळलं त्या दिवशी मुल्ला मॅडमनी त्याला कचेरीत बोलावून घेतलं. टेबलावर कोऱ्या कागदावर रंगाचे दोन कपचे ठेवले होते. एक विटकरी लाल, दुसरा राखाडी, नखाएवढा.

"काका, बसा. एक चूक माझ्याकडून झाली, ती आधी सांगते," मॅडम म्हणाल्या. "पुलाचं गोत्र म्हणून आपल्या नोंदीत एक नाही, दोन गोत्रं आहेत. पूल बांधला तेव्हाचा हा लाल थर, परदेशातल्या खाणीतला. आणि त्यावर पन्नासेक वर्षांनी कुणीतरी हा राखाडी हात दिला, त्याचं शिसं वेगळं. मशीन दोन्हींना पूलच म्हणतं. मी त्याच्या आत बघितलंच नाही. काल बघितलं. सायलीच्या रक्तातलं शिसं राखाडी आहे."

"बरं."

"तसं कसं असेल? आज पुलावर राखाडी रंग नाहीच. आपण सात महिने लालच काढतोय, त्यावर आहे तो बिनशिशाचा नवा हात. हा एवढासा तुकडा मला खांबाच्या बैठकीखाली, कोपऱ्यात सापडला होता. मग बाकीचा राखाडी गेला कुठे? कागदांत काही नाही. तुम्ही इथलेच म्हणून विचारते. तो कुणी काढला होता?"

महिपती त्या राखाडी कपच्याकडे बघत राहिला. त्याने तो बोटाने हलवला नाही. कडेला किंचित वळलेला, पातळ, भाजक्या पापडाच्या तुकड्यासारखा होता.

"आम्हीच," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं झाली. नऊ जणांची टोळी होती."

त्या उन्हाळ्यात हिवरेघाटचा पूल रंगवायला काढला होता. यंत्र नव्हतं, तंबू नव्हता. लोखंडी पट्ट्या आणि तारेचे ब्रश घेऊन नऊ जण शिड्यांवर चढायचे आणि राखाडी रंग खरवडून लाल थर दिसला की थांबायचे. लालवर नवा रंग धरतो, असं मुकादम सांगायचा. तोंडाला रुमाल, तोही उकाड्याने काढलेला. खाली पडलेला रंग पाटीने उचलून पुलाच्या उतारावरच्या खड्ड्यांत भर म्हणून टाकला, बाकीचा पहिल्या पावसात नदीने नेला. दुपारी बायका डबे घेऊन यायच्या. शालनच्या काखेला तीन वर्षांची सायली असायची. बापाला बघितलं की पोर हात पसरायची, आणि डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झालेला महिपती तिला उचलून घ्यायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याला पुढचंही आठवलं. रंगाचे मोठे, गोल वळलेले पापुद्रे निघायचे, ते वेचून, कागदात बांधून त्याने घरी नेले होते. सायलीच्या भातुकलीत पापड म्हणून. एकदा नाही, बरेचदा. पोर आशेने वाट बघायची. आबांना खोटं खोटं जेवायला वाढायची, आणि आबा खोटं खोटं खायचे. ती मात्र अजून खोटं खोटं खायला शिकली नव्हती.

त्याने हे सगळं मॅडमना सांगितलं. मग विचारलं, "पण मॅडम, सव्वीस वर्षं रक्तात राहतंय होय?"

"रक्तात नाही राहत. महिन्या-दोन महिन्यांत रक्तातून जातं. पण शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. तिथे ते वीस वर्षं, तीस वर्षं निवांत पडून राहतं. त्रास नाही, लक्षण नाही. मग बाई गरोदर राहते. बाळाची हाडं घडवायला कॅल्शियम लागतं आणि शरीर ते आईच्या हाडांतून काढतं. त्याबरोबर हेही सुटतं. तुमच्या सातचंही तेच. वय झालं की हाडं झिजतात."

"म्हणजे इतकी वर्षं ते तिच्यात होतं. माझ्या हातचं."

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की हे विष आहे?"

"नाही."

"मुकादमाला माहीत होतं?"

"तोही आमच्यासारखाच रुमाल बांधून उभा असायचा. मेला बिचारा."

महिपतीला वाटलं, कुणाचं तरी नाव निघालं असतं तर बरं झालं असतं. आठ दिवस त्याने संग्रामचं नाव धरून ठेवलं होतं, मग स्वतःच्या कपड्यांचं. आता स्वतःचंच नाव हाती आलं होतं आणि ते धरता येत नव्हतं, टाकताही येत नव्हतं. प्रेमाने नेलेली पुडी होती ती. हा गुन्हा म्हणावा, तर करताना तो हसत होता. गुन्हा नाही म्हणावं, तर तेरा हा आकडा समोर होता.

त्याने तिथेच बसून दुसरा कागद लिहून दिला. पहिली तक्रार मागे घेतो, शिशाचा उगम मी स्वतः, असं त्यात लिहिलं आणि खाली सही केली.

संग्राम गोठ्यात होता. महिपतीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पापडासकट. संग्रामने दावं खुंटीला अडकवलं.

"मामा, तुम्ही लिहून दिलंसा," तो म्हणाला. "तोंडावर आरोप केला असता तर भांडलो असतो, मिटलं असतं. गावभर झालं की ओ. पोरं मला बघून नाकाला रुमाल लावायची."

"चुकलो."

"ते हाय. पण आता ते ऱ्हाऊ दे." त्याचा आवाज खाली आला. "बाळाचं काय?"

महिपतीने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं तसं सांगितलं. कॅल्शियमच्या गोळ्या वाढवायच्या, लोह द्यायचं, दूध, नाचणी, म्हणजे शरीर हाडांना कमी हात घालेल. दर आठवड्याला रक्त. आकडा फार चढला तरच पुढचं औषध. बाळाला काही होईलच असं नाही. काही होणार नाही, असंही नाही.

"म्हणजे काय समजायचं?" संग्रामने विचारलं.

"मला पण कळलं नाही," महिपती म्हणाला. "मी दोनदा विचारलं."

दोघे बरोबरच महिपतीच्या घरी आले. दुपार टळत होती. सायली वह्या तपासत बसली होती, शालन शेंगा निवडत होती. नवऱ्याला बघून सायलीने पेन खाली ठेवलं. महिपती आज पडवीत थांबला नाही. आत आला, पोरीसमोर जमिनीवर बसला आणि त्याने तिला पहिल्यापासून सांगितलं. मध्येच त्याचे शब्द अडले, तेव्हा सायलीने घाई केली नाही. वर्गात फळ्यापाशी अडलेल्या मुलाला ती असाच वेळ देत असावी.

"मला आठवते ती चव," ती म्हणाली. "गोड होती."

महिपतीने मान खाली घातली.

"आबा, वर बघा. मी तुमच्यावर रागावलेय, पण पापडासाठी नाही. त्या कागदासाठी रागावलेय. पापडाचं काय करायचं ते मलाही समजत नाही. माझ्या भातुकलीतली तीच एक गोष्ट मला नीट आठवते, आणि ती आठवली की मला आजवर बरंच वाटायचं." तिने पोटावर हात ठेवला. "आता काय वाटायला पाहिजे?"

संग्राम तिच्याजवळ जाऊन बसला, तेव्हा ती थोडी त्याच्याकडे सरकली.

शालनच्या हातातल्या शेंगा केव्हाच थांबल्या होत्या. तिने मॅडमनी सांगितलेली गोष्ट नवऱ्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतली. हाडात बसतं, दिवस गेले की सुटतं, बाळाकडे जातं. मग ती म्हणाली, "तुमचे कपडे मीच झाडून धूत होते."

"होय."

"सायलीच्या पाठीवर मला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा चौथ्यात पडलं."

महिपतीला हे कचेरीत बसल्या बसल्याच आठवलं होतं. पण कपच्याकडे बघताना जे बोलता आलं, ते हिच्याकडे बघताना येईना.

"मी तेही विचारलं मॅडमना. त्या म्हणाल्या, असू शकतं. दुसरं कारणही असू शकतं. त्या वेळचं रक्त असतं तर सांगता आलं असतं."

"तुमची आई म्हणायची, माझ्यात खोट आहे. किती गुरुवार केले मी."

"माहीत आहे."

"खोट नव्हती म्हणायची, का होती म्हणायची?"

"शालन, ते आता कुणालाच सांगता येत नाही."

शेंगांची पाटी तिने बाजूला सारली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली. तिचे ओठ हलत होते.

"टोळीत नऊ जण होता ना? तुम्ही, मारुतीभाऊजी, दगडू, इलाही, तात्या..." ती नावं घेत गेली. "डबे घेऊन आम्ही सात जणी यायचो. अकरा पोरं होती. त्यांतल्या सहा पोरी. सगळ्या त्या राखाडी भुकटीत खेळायच्या. मारुतीभाऊजींची वंदना सांगलीला दिलीय, तिला एक झालंय. इलाहीभाऊंची शबाना मिरजेला." ती थांबली. "आणि दगडूची ललिता बाळंतपणाला आलीय. सातवा लागलाय तिला."

ललिताचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. तिला गेल्या रविवारी त्याने देवळापाशी बघितलं होतं, भरल्या पोटाने हळूहळू चालताना.

"त्या घरी काय सांगायचं?" त्याने विचारलं. "दगडू माझ्यापेक्षा साधा. त्याला कळायचंच नाही. लेकीला मीच विष चारलं, असं धरून बसेल."

"तुम्हाला कळलंय का?"

"नाही."

"मग न कळलेलंच सांगू," शालन म्हणाली. "रक्त तपासून घे, एवढं तरी कळेल तिला."

तिने पदर नीट केला आणि ती दारात जाऊन उभी राहिली. सायली म्हणाली, "आई, मीही येते, माझा रिपोर्ट घेऊन." संग्रामने तिला हात देऊन उठवलं. चौघेही निघाले. दगडूच्या दारापर्यंत महिपती मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होता, आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यात मोडत होतं.

दार ललितानेच उघडलं. एवढी माणसं एकदम बघून ती गोंधळली.

"काय झालं मावशी? या की आत."

शालनने तिचा हात हातात घेतला. "घाबरू नको," ती म्हणाली. "तुला कॅल्शियमच्या गोळ्या किती दिल्यात गं दवाखान्यात?"